साथीच्या काळात मंडळीचं गायन: गाइड ट्रॅकपासून थेट प्रक्षेपणापर्यंत

४ जून २०२० ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रार्थनास्थळांसाठी नियमावली काढली. तीत एक कलम थेट गाणाऱ्यांसाठी होतं: शक्य तिथे ध्वनिमुद्रित भक्तिगीतं लावावीत, गायकवृंदाला किंवा गाणाऱ्या गटांना परवानगी देऊ नये. महाराष्ट्रात तर चर्चची दारंच १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याला उघडली; दुसऱ्या लाटेत पुन्हा लागली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. उपदेश फोनवरून होतो, प्रार्थनाही होते. एकत्र गाणं मात्र होत नाही, आणि मंडळीला, म्हणजे चर्चमध्ये जमणाऱ्या लोकांना, चुकल्यासारखं वाटतं ते नेमकं तिथेच.

बंदी उगाच नव्हती. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅलीत १० मार्च २०२० ला एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. हजर ६१ जण. त्यांतले ५३ आजारी पडले, ३३ तपासणीत निश्चित आणि २० संभाव्य. दोघे वारले. बंद खोली, लांब वेळ, मोकळा आवाज, तिन्ही एकत्र आलं की असं होतं.

हा लेख सोलापुरातल्या मध्यम मंडळीसाठी आहे. एक पेटी, एक तबला किंवा ढोलकी, दोन-तीन बऱ्यापैकी अँड्रॉइड फोन, कुणाच्या तरी घरचा जुना लॅपटॉप आणि रविवारची उपासना, एवढं गृहीत धरलं आहे. साथ पुन्हा आली, किंवा तापाच्या दिवसांत चार रविवार जमणं थांबवावं लागलं, तरी हीच पद्धत चालेल.

कोणत्या रविवारी काय

साध्या रविवारसाठी आमची शिफारस स्पष्ट आहे: एका घरचं गाणं. एका छताखाली राहणारे तसेही एकच हवा घेतात, त्यामुळे आई, दोन मुली आणि पेटीवर मामा असे चौघे एका फोनसमोर बसून गायले तर नवा धोका काही नाही. पाळकसाहेबांनी किंवा क्वायर मास्तरांनी घरांची पाळी लावून द्यावी, दर रविवारी दोन गीतं दोन घरांतून. जोडकाम शून्य, आवाज जिवंत आणि बाकीच्यांना घरी सोबत गाता येतं.

घरोघरी रेकॉर्ड करून जोडलेल्या पंधरा चौकटींत पंधरा चेहरे गाताना दिसतात तो प्रकार फक्त नाताळ, झावळ्यांचा रविवार (पाम संडे) आणि ईस्टरसाठी ठेवा. चार मिनिटांच्या एका गाण्यामागे नवख्या माणसाच्या दोन-तीन रात्री जातात. दर आठवड्याला हे करायला गेलेली तरुण मंडळी दुसऱ्या महिन्यात फोन उचलेनाशी होते. गाणाऱ्यांची संख्या ८ ते १६ ठेवा. सहाच्या खाली प्रत्येकाची चूक वेगळी ऐकू येते. वीसच्या वर गेलात की काम वाढतं, आवाज वाढत नाही.

झूमवर सगळ्यांनी एकाच वेळी गाण्याचा नाद सोडून द्या. एकत्र गाता-वाजवताना आवाज साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांत पोचला पाहिजे. इंटरनेटच्या कॉलला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. लोक एकमेकांची वाट बघत गातात आणि गाणं मागे मागे ओढलं जातं. कॉलवर एकानेच गावं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून घरात गावं. गाणाऱ्याने सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करायला हवं. नाहीतर झूम पेटीच्या लांब सुराला पंख्याचा आवाज समजून कापून टाकतं.

गीत आणि पट्टी

अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्या मंडळ्यांत दोन प्रकारची गीतं शेजारी शेजारी नांदतात: इंग्रजी चालीची आणि देशी चालीची पदं, भजनं. दोन्हींच्या अडचणी वेगळ्या. इंग्रजी चालीत ताल सरळ असतो, पण ओळीच्या शेवटचा सूर किती लांबवायचा हे प्रत्येक मंडळीचं ठरलेलं आणि कुठेच न लिहिलेलं असतं. देशी पदात केरवा (आठ मात्रांचा ताल) किंवा दादरा (सहा मात्रांचा) सगळ्यांच्या अंगात असतो, पण मुरक्या ज्याच्या त्याच्या. पहिल्यांदा करताना केरव्यातलं, सगळ्यांना पाठ असलेलं, तीन कडव्यांचं पद घ्या. सहा कडवी असली तर तीन निवडा. चार मिनिटांच्या पुढे जाऊ नका.

पट्टी, म्हणजे ज्या सुराला ‘सा’ धरून गाता तो, चर्चमधल्यापेक्षा खाली घ्या. घरी, शेजारी झोपलेले असताना, कुणी मोकळ्या गळ्याने गात नाही, आणि दबक्या आवाजात वरचे सूर हमखास उतरतात. चर्चमध्ये पांढरी चारला गाता ते घरी पांढरी तीनला किंवा काळी दोनला घ्या.

पुढे व्हिडिओ यूट्यूबवर ठेवायचा असेल तर शब्द आणि चाल कुणाची ते बघा. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या रचना आता खुल्या आहेत. पण त्याच रचनेचं आजच्या गायकाने केलेलं रेकॉर्डिंग खुलं नसतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधीतल्या गायनाला सूट आहे, मात्र यूट्यूबची तपासणी यंत्र करतं आणि यंत्र कलमं वाचत नाही. उतरवून घेतलेला कराओके ट्रॅक वापरलात की दावा येतो, कधी चालू उपासनेत आवाज बंद होतो. स्वतःची पेटी वाजवा, प्रश्न मिटला.

गाइड ट्रॅक

गाइड ट्रॅक म्हणजे प्रत्येकाने घरी कानात ऐकत गायचं नमुन्याचं रेकॉर्डिंग. सगळ्या कामाचा पाया हा आहे आणि घाई होते ती इथेच. गाणाऱ्याच्या कानात जे वाजतं तेच तो गातो. गाइड ट्रॅक चुकला तर पंधरा जण पंधरा घरांत तीच चूक मन लावून करतात, आणि नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ती काढू शकत नाही.

आधी पेटी तपासा. फोनवर ट्यूनर ॲप घ्या आणि पांढरी सहा दाबा. सूर ४४० हर्ट्झला लागला तर उत्तम. जुन्या पेट्या दहा-वीस सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) इकडे तिकडे असतात. साथीला फक्त तीच पेटी असेल तर काही बिघडत नाही. पण पुढे कीबोर्ड किंवा तानपुऱ्याचं ॲप लावायचं असेल तर तेवढ्याने सूर एकमेकांना घासतात आणि ‘वँव वँव’ अशी लाट ऐकू येते. पेटी बदलता येत नाही, म्हणून कीबोर्डचं फाइन ट्यूनिंग पेटीवर आणा. तबलाही त्याच पेटीवर लावून घ्या. पूर्ण गाण्यात एकच पेटी. दुसऱ्या घरातली दुसरी पेटी मध्येच घुसवू नका.

मग लय. मेट्रोनोम ॲप (ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं) लावून मुख्य गायकाकडून दोन कडवी म्हणवून घ्या आणि तिसऱ्या कडव्याला जी लय सुखाची वाटते ती धरा. पहिल्या कडव्याची लय नेहमी जास्त उत्साही असते. केरव्यातलं भक्तिपद बहुधा मिनिटाला ७६ ते ९२ मात्रांत बसतं. घरात एकटं गाणारा माणूस कडव्यागणिक मंदावतो, म्हणून चर्चपेक्षा दोन-चार मात्रा जलद ठेवा.

आता श्वासाच्या जागा. चर्चमध्ये ओळ संपली की सगळी मंडळी थांबते, श्वास घेते आणि पेटीवाला त्यांच्यासाठी थांबतो. ती जागा कुणी मोजलेली नसते. मेट्रोनोम तशी थांबत नाही. म्हणून कागदावर प्रत्येक ओळीखाली लिहा: शेवटचा सूर किती मात्रा, विश्रांती किती मात्रा. इंग्रजी चालीच्या चार चार मात्रांच्या गीतात शेवटचा सूर तीन मात्रा आणि एक मात्रा श्वास हे बहुतेक ठिकाणी जमतं. दोन कडव्यांमध्ये पूर्ण एक आवर्तन पेटी. हा कागद गाणाऱ्यांनाही पाठवा.

रेकॉर्डिंगचा क्रम असा. कानात मेट्रोनोम लावून पहिल्यांदा फक्त पेटी. ती ऐकत तबला. मग दोन्ही ऐकत मुख्य गायक. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे. मेट्रोनोमची टिकटिक शेवटच्या गाइडमध्ये ठेवू नका, ती इअरफोनमधून बाहेर झिरपते आणि प्रत्येकाच्या रेकॉर्डिंगमध्ये उतरते. आपल्या लोकांना टिकटिकीपेक्षा ठेक्यावर गायला सोपंही जातं.

सुरुवात अशी बांधा: पहिले ५ सेकंद पूर्ण शांत. मग केरव्याची दोन आवर्तनं. पहिल्यात मुख्य गायक एक ते आठ मोजतो. दुसऱ्यात एकावर आणि पाचावर टाळी, आणि त्यापुढच्या समेवर गाणं. लय ८० असेल तर एक आवर्तन बरोबर ६ सेकंदांचं होतं. एकाऐवजी दोन टाळ्या अशासाठी की जुळवताना पहिली जुळली आणि दुसरी जुळली नाही तर त्या माणसाने टाळी अंदाजाने मारली आहे हे लगेच कळतं.

गाइडवर गाणारा माणूस सर्वांत गोड गळ्याचा नको, मंडळी ज्याच्या मागे गाते तो हवा. त्याने हरकती घेऊ नयेत. मुरकी शेवटच्या मिश्रणात एकट्या मुख्य गायकाने वेगळी गाऊन टाकावी.

घरचं रेकॉर्डिंग

गटावर पाठवायचा निरोप छोटा आणि हुकमी हवा. असा काहीसा:

“सर्वांना सलाम. गाइड ट्रॅक पाठवला आहे. एका फोनवर तो वायरच्या इअरफोनने ऐकायचा, दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करायचं. फोन आडवा. फ्लाइट मोड चालू. पंखा बंद. आधी रेकॉर्डिंग सुरू, मग गाइड सुरू. पहिले ५ सेकंद हलायचं नाही. दुसऱ्या आवर्तनात एकाला आणि पाचाला टाळी, हात दिसला पाहिजे. गाणं संपल्यावर तीन सेकंद गप्प. व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा. शनिवारी रात्री आठनंतर आलेला घेतला जाणार नाही.”

यातल्या प्रत्येक वाक्यामागे कारण आहे. इअरफोन वायरचाच का? ब्लूटूथमध्ये माइकही चालू झाला की फोन टेलिफोनच्या दर्जाचा आवाज घ्यायला लागतो, आणि ते रेकॉर्डिंग नंतर सुधारत नाही. दुसरा फोन नसेल तर वायरचा इअरफोन लावून त्याच फोनवर गाइड ऐकत रेकॉर्ड होतं का ते आधी अर्धा मिनिट करून बघा. पुष्कळ फोन व्हिडिओ सुरू होताच गाणं बंद करतात. अशा वेळी शेजारच्या खोलीतला माणूस उपयोगी पडतो, त्याचा फोन मागा.

‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचं कारण, साधा व्हिडिओ व्हॉट्सॲप दाबून लहान करतं आणि आवाजाची पार वाट लागते. २०२० मध्ये डॉक्युमेंटची मर्यादा १०० एमबी होती, आता २ जीबी आहे. तरी मोठं रेकॉर्ड करायची गरज नाही. १०८० पिक्सेलच्या पडद्यावर तीन बाय तीनची मांडणी केली तर एका चौकटीला ६४० बाय ३६० एवढीच जागा मिळते. म्हणून ७२० पिक्सेल, सेकंदाला ३० चौकटी, बस्स. रोजच्या दीड जीबीत ते मावतं.

फोन तोंडापासून अडीच-तीन फुटांवर, डोळ्यांच्या उंचीला, वह्यांच्या चळतीला टेकवून. आडव्या फोनचा माइक एका बाजूला असतो. तो बोटाने, उशीने झाकला जात नाही ना ते बघा. उजेड समोरून हवा, खिडकीकडे पाठ केली की चेहरा काळा पडतो.

आवाजासाठी खोली महत्त्वाची. पत्र्याखालच्या आणि फरशीच्या मोकळ्या खोलीत आवाज घुमतो, आणि पंधरा घरांची घुमघुम एकत्र झाली की शब्द संपलेच. इलाज आपल्या गावात घरोघरी आहे: गाणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर जाड चादरी दुहेरी टाकून सोडा, समोर टेबलावर टर्किशचा टॉवेल घडी करून पसरा. चादर भिंतीला चिकटवू नका, वीतभर अंतर ठेवा. मधल्या हवेमुळे ती जास्त आवाज शोषते. टाळी वाजवून बघा. शेपूट न राहता ती ‘टप’ अशी बंद व्हायला हवी.

वेळ पहाटे साडेपाच ते साडेसहा, किंवा रात्री दहानंतर. पूर्व भागात यंत्रमाग चालू असले तर दिवसा रेकॉर्डिंगचा विचारच करू नका, भिंतीपलीकडची खटखट गाळता येत नाही, कारण तिच्यात खालचे आणि वरचे दोन्ही आवाज असतात आणि तिला स्वतःचा ताल असतो. नळाला पाणी येण्याचा दिवसही वगळा. मोटारी, बादल्या, हाका, त्या दिवशी कुणाच्याही घरी दहा मिनिटं शांतता मिळत नाही, आणि गाणाऱ्या बाईचं लक्ष गाण्यात असणं शक्य नाही. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करून बंद खोलीत गाणं म्हणजे घामाची अंघोळ. म्हणूनही पहाटच बरी. पहाटे आवाज मात्र जड असतो, आधी दहा मिनिटं खालच्या सप्तकात साधे सूर म्हणून घ्या.

उच्चार एकसारखे हवेत. सोलापुरातल्या मंडळ्यांत घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारेही भरपूर, आणि ‘च’, ‘ज’, ‘ळ’ घराघरांत थोडे वेगळे पडतात. चर्चमध्ये ते मिसळून जातं. जवळ ठेवलेल्या माइकच्या रेकॉर्डिंगमध्ये ते उघडं पडतं. गाइडच्या गायकाने अडचणीचे शब्द एकदा नुसते म्हणून व्हॉइस नोट पाठवावी. ओळीच्या शेवटचे ‘स’, ‘त’, ‘श’ हे आणखी वेगळं दुखणं: पंधरा जण पंधरा क्षणी म्हणतात आणि ‘सससस’ अशी गळती लागते. दोन-तीन भरवशाच्या गायकांना ती अक्षरं स्पष्ट म्हणायला सांगा, बाकीच्यांनी स्वरावरच सोडून द्यावं.

जुळवणी

आलेली प्रत्येक फाइल माणसाच्या नावाने ठेवा, मग आधी हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून फिरवून ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ ३० करून घ्या. फोन उजेड कमी झाला की चौकटींचा वेग आपोआप बदलतात. मग पहिल्या कडव्यात ओठ जुळतात आणि तिसऱ्यात मागे पडतात. लोक याचा दोष गाणाऱ्याला देतात, दोष फाइलचा असतो.

आवाज आधी, चित्र नंतर. ऑडॅसिटीत सगळे आवाज ४८ किलोहर्ट्झवर आणा, गाइड सर्वांत वर ठेवा आणि पहिली टाळी गाइडच्या टाळीवर आणून ठेवा. मिलिसेकंद दिसतील इतकं मोठं करून बघा. दुसरी टाळी तपासा. तिच्यात ३० मिलिसेकंदांहून जास्त फरक असेल तर टाळी विसरा आणि गाण्यातला एखादा ठसठशीत ‘प’ किंवा ‘त’ धरून जुळवा.

प्रत्येक ट्रॅकवर क्रमाने: सुरुवातीच्या शांत पाच सेकंदांचा नमुना देऊन नॉइज रिडक्शन, ६ ते ९ डेसिबल. १२-१५ पर्यंत गेलात की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो; थोडी खरखर राहिलेली बरी. मग हाय-पास (ठरावीक आकड्याखालची घरघर गाळणारी चाळणी), पुरुषांना ८० ते १०० हर्ट्झ, बायकांना १२० ते १५०. मग आवाजाची पातळी. दोन भक्कम गळे मध्यभागी आणि पुढे, बाकीचे ४ ते ६ डेसिबल खाली आणि डावीकडे-उजवीकडे पसरलेले. बेसूर गाणाऱ्याला काढून टाकायची गरज नाही. त्याला १० डेसिबल खाली घ्या, चौकटीत तो दिसेलच. ज्याने मनापासून पाठवलं त्याचा चेहरा न दिसणं मंडळीत फार लागतं, आणि ते बरोबरच आहे.

रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या दालनासारखी कृत्रिम घुमघुम, प्रत्येकाला वेगळा देऊ नका. सगळा गायकवृंद एकत्र करून एकदाच द्या, साधारण दीड सेकंदाचा. पेटीला त्याच्या निम्मा, तबल्याला जवळजवळ नाही. शेवटी शिखर उणे १ डेसिबलवर बांधा आणि एकूण पातळी उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आसपास ठेवा. यूट्यूब त्याहून मोठा आवाज स्वतःच खाली आणतं, त्यामुळे जास्त ओरडून काही मिळत नाही. मिश्रण तपासायचं ते हेडफोनवर नव्हे, साध्या फोनच्या स्पीकरवर. मंडळी तिथेच ऐकणार आहे. फोनवर शब्द कळले नाहीत तर पेटी २ डेसिबल उतरवा, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.

थेट उपासना

पाळक, पेटी आणि दोन गायक एवढ्यांनाच चर्चमध्ये परवानगी असते तेव्हा सोपा आणि भरवशाचा मार्ग म्हणजे वचन आणि उपदेश थेट, गीतं आधी रेकॉर्ड केलेली. ओबीएस हे फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर दोन्ही जोडतं. ७२० पिक्सेल, ३० चौकटी, २५०० केबीपीएस, आवाज १६० केबीपीएस, की-फ्रेम २ सेकंद. त्यासाठी अपलोडचा वेग किमान ५ एमबीपीएस हवा; तो रविवारी उपासनेच्याच वेळी, चर्चमध्येच मोजा. ३ पेक्षा कमी आला तर ४८० पिक्सेल आणि १००० केबीपीएसवर या. अडखळणाऱ्या स्वच्छ चित्रापेक्षा न थांबणारं धूसर चित्र चांगलं. यूट्यूबवर पहिल्यांदा थेट जाताना खात्याच्या मंजुरीला २४ तासांपर्यंत लागू शकतात, शनिवारी रात्री जागे होऊ नका.

मिक्सरमधून आवाज घेताना लाइन आउट सरळ फोनच्या किंवा लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका. लाइनचा दाब माइकच्या मानाने कैक पट मोठा, आवाज फाटतो. मध्ये दोन वाहिन्यांचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस हवा. पेटीचा माइक पट्ट्यांच्या वर फूट-दीड फूट, भात्याच्या बाजूला नको, तिकडे फसफस येते. गायकाचा माइक तोंडापासून सहा ते आठ इंच.

आवाज चित्राच्या आधी पोचतो असं बहुतेक वेळा दिसेल. कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून रेकॉर्ड करा, किती चौकटींचा फरक आहे मोजा. ३० च्या वेगात एक चौकट म्हणजे ३३ मिलिसेकंद. तेवढा ‘सिंक ऑफसेट’ ओबीएसमध्ये आवाजाला द्या.

उत्तम शुक्रवारची तीन तासांची उपासना दुपारी बारा ते तीन, म्हणजे आपल्याकडे उन्हाचा कडेलोट. फोनवरून प्रक्षेपण करत असाल तर कव्हर काढा, फोन सावलीत आणि पंख्याच्या झोतात ठेवा, चार्जिंग सुरुवातीपासून लावू नका. तापलेला फोन येशूच्या क्रुसावरच्या सात वचनांपैकी तिसऱ्या-चौथ्या वचनाला कॅमेरा बंद करतो. वीज गेली तर राउटर आधी मरतो. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, त्यांच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना ॲडॉप्टरवरचा अँपियरचा आकडा जुळवून घ्या.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही

मंडळीतली जुनी, सगळी गीतं पाठ असलेली माणसं नेमकी हीच असतात, आणि सगळा खटाटोप त्यांना वगळून झाला तर अर्थ नाही. साध्या फोनवर कॉन्फरन्स कॉल होतो, एका वेळी पाचेक जणांचा. त्यात एकाने गावं, बाकीच्यांनी ऐकावं. त्याहून चांगलं म्हणजे महिन्याची गीतं आणि वचनं एमपी३ करून मेमरी कार्डावर द्यावीत; कीपॅडच्या बऱ्याच फोनांत आणि बाजारातल्या छोट्या भजनाच्या स्पीकरमध्ये ते बसतं. फाइलींची नावं ०१, ०२ अशी आकड्यांनी सुरू करा, नाहीतर क्रम विस्कटतो आणि आशीर्वाद आधी लागतो.

कंपाउंडमध्ये प्रत्येकाने आपापल्या दारात उभं राहून गायचं असेल तर संथ गीत घ्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ३४ मीटरवरच्या घराला सूर दशांश सेकंद उशिरा पोचतो. पेटी मधोमध ठेवा. लाउडस्पीकर लावणार असाल तर परवानगी घ्या. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ बंदी.

दारं अर्धी उघडल्यावर

ब्रिस्टल विद्यापीठातल्या गटाने २०२० मध्ये गाणाऱ्यांच्या श्वासातले कण मोजले. गाणं आणि बोलणं यांत फरक निघाला, पण त्याहून कितीतरी मोठा फरक हळू आणि मोठ्याने यांत निघाला. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात वीस-तीस पट. म्हणजे माइक जवळ घ्या आणि हळू गा, हा संरक्षणाचाच भाग आहे.

सहा ते आठ गायक, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, समोरासमोर नाही, दोघांत किमान सहा फूट, तालीम वीस-पंचवीस मिनिटांची. मग बाहेर जाऊन तितकाच वेळ हवा खेळू द्यायची. छताचा पंखा हवा ढवळतो, बदलत नाही. एका खिडकीत बाहेर फेकणारा पंखा आणि समोरची खिडकी उघडी, असा मार्ग करा. जमलं तर कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्या, एनडीआयआर (अवरक्त किरणांनी वायू मोजणाऱ्या) सेन्सरचाच. स्वस्तातले नुसता अंदाज दाखवतात. बाहेर आकडा चारशेच्या थोडा वर असतो. आत ८०० ओलांडला की गाणं थांबवा. शक्य असेल तर तालीम सरळ अंगणात घ्या. संध्याकाळी आपल्याकडे तेच सुखाचंही असतं.

पेटी खोलीतलीच हवा ओढते, तिच्यात कुणी फुंकत नाही, तेव्हा पेटी आणि तबला यांना वेगळा धोका नाही. बासरी आणि बँडची पितळी वाद्यं मात्र शेवटी परत आणा. गीतपुस्तकं हातोहात फिरवू नका, शब्द फोनवर पाठवा किंवा ज्याने त्याने घरून आणावं.

पेटीवर सॅनिटायझर फवारू नका. लाकडाचं पॉलिश लाखेचं असतं आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. दोन रविवारांत पांढरे डाग पडतात, आणि पट्ट्यांच्या फटीतून ओल आत गेली की पट्टी फुगून अडकते. वाजवणाऱ्याने साबणाने हात धुवावेत, पूर्ण वाळवावेत, आणि नंतर पट्ट्या साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्या कराव्यात. तबल्याच्या शाईला ओल लावूच नका, एक जोडी एकाच हाताला द्या. माइकची जाळी फिरवून काढता येते. ती आणि आतला स्पंज साबणाने धुऊन रात्रभर वाळवा, उघड्या कॅप्सूलवर काहीही फवारू नका. प्रत्येक गायकाला स्वतःचं फोमचं टोपण द्या, नाव लिहून, आणि उपासनेनंतर ते घरी धुवायला पाठवा.